दारासमोर गाडी खोलणारे जाधव मिस्त्री

वैशाख वद्यातला मंगळवार, संध्याकाळ. ठिकाण: मारवाडात बालोतऱ्याच्या पुढे एका गावातली धर्मशाळा. हजर: जाधव मिस्त्री, मी, धर्मशाळेचे मुनीमजी आणि आत स्वयंपाकघरात त्यांची बायको. आत ओढलेल्या सतरंजीवर खोललेली मोटरसायकल. गैरहजर: कार्बोरेटरची सुई. बाहेर आँधी.

गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. मुनीमजींची माणसं अजून तिथे असतील. मिस्त्री मात्र आता नाहीत, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

आमची कंपनी विहिरींवर बसवायची तेलाची इंजिनं विकायची. ऑफिस गिरगावात, गोडाऊन कॉटन ग्रीनला. गोडाऊनची कोठी माझ्याकडे होती आणि जाधव मिस्त्री फिटर होते. इंजिनं खपायची कच्छ आणि मारवाडकडे. उन्हाळ्यात तिकडच्या विहिरींचं पाणी खाली जातं, इंजिनं रात्रंदिवस चालतात आणि नेमकी तेव्हाच बसतात. मग फिटरने जायचं आणि सुट्या भागांचा हिशेब ठेवायला कोठीवाल्याने बरोबर जायचं, असा रिवाज. जीप परवडत नाही असं मॅनेजरसाहेबांचं म्हणणं. म्हणून कंपनीने लष्कराच्या लिलावातून एक साइडकारवाली मोटरसायकल घेतली होती. ती रेल्वेने पालनपूरपर्यंत न्यायची, तिथून पुढे रस्त्याने. साइडकारमध्ये सुट्या भागांची पेटी, पाण्याच्या कॅनव्हासच्या पिशव्या, वळकट्या. मिस्त्री पुढे, मी मागे.

रात्रीच्या मुक्कामाची सोय कंपनी करत नसे. करणार तरी कशी? कुठल्या गावचं इंजिन किती वेळ खाईल हे कोणी सांगायचं? पत्र टाकून जागा राखून ठेवावी, तर पत्र पोचायच्या आत आपण तिसऱ्याच गावात. माझ्यासारख्या माणसाला हे सोसत नाही. सकाळी निघतानाच मला संध्याकाळची काळजी लागायची. मिस्त्रींना ती कधी लागली नाही असं मला पहिले काही दिवस वाटत होतं.

मिस्त्री परळच्या चाळीत राहायचे, मूळचे महाडकडचे. वडील गिरणीत, थोरला भाऊ गिरणीत. मिस्त्रींनाही गिरणीत लावलं होतं, पण त्यांना हवं होतं विणकामाचं खातं. तिथे पगार बरा. तिथे महारांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला जातो. मिस्त्री म्हणाले, ठीक आहे, मग मला असं यंत्र द्या ज्याला तोंड लावावं लागत नाही. म्हणून इंजिनांकडे आले. हे ते हसत सांगायचे. ऐकणाऱ्याला हसावं की नाही हे कळायचं नाही, आणि त्याची ती पंचाईत बघून मिस्त्री आणखी हसायचे.

उंचीने बेताचे, खांदे रुंद, केस मागे वळवलेले. खाकी पँट, पांढरा सदरा. बूट जुने होते, पण त्यांच्याइतके पुसलेले बूट मी मॅनेजरसाहेबांच्या पायातही पाहिले नाहीत. मुक्कामाचं गाव दिसू लागलं की वेशीबाहेर गाडी थांबायची. मिस्त्री तोंड धुणार, केस विंचरणार, बूट पुसणार. मी तसाच धुळीने माखलेला उभा.

"परब, तूही पुस."

"अहो, आत जाऊन आंघोळच करायची आहे."

"आत जायला मिळालं तर ना. धुळीचा माणूस दिसला की लोक विचारतात, काय पाहिजे? पुसलेला माणूस दिसला की विचारतात, कुठून आलात? पहिल्या प्रश्नाचं उत्तर देणारा बाहेर झोपतो."

त्यांच्या रीती ठरलेल्या होत्या. उन्हं कलली की पुढे जायचं नाही, गाव कितीही भिकार असो. अंधारात पोचलेल्या माणसाला भाव करता येत नाही. आधी सरकारी छप्पर शोधायचं: डाक बंगला, शाळा, स्टेशन, पोलीस चौकी. सरकारी छपराखाली निदान कायद्याने कोणी उठ म्हणू शकत नाही. आणि मुख्य रीत ही, की जागा मागायचीच नाही. दारासमोर सावली बघून सतरंजी पसरायची आणि गाडी खोलायला घ्यायची. टाकी उतरवायची, प्लग काढायचा, कार्बोरेटर सुटा करायचा, सगळं ओळीने मांडायचं.

"मागितलं की नाही म्हणतात," मिस्त्री सांगायचे. "काम काढून बसलं की जवळ येऊन बसतात. आणि खोललेल्या गाडीला कोणी हाकलत नाही. हाकलणार कशी? ढकलून?"

ही युक्ती मी पहिल्यांदा पाहिली ती मारवाडात नव्हे, गिरगावात, माझ्याच वाडीत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईत गोळीबार झाले, संचारबंदी लागली, त्या हिवाळ्यातली गोष्ट. मिस्त्री गोडाऊनमधून ऑफिसात माल पोचवायला आले होते आणि परत जायचे रस्ते बंद झाले. नाक्यावर पोलीस, रस्त्यात दगडांचा खच. मिस्त्रींनी गाडी ढकलत आमच्या वाडीत आणली. वाडीचे कारभारी नाना गॅलरीतून ओरडले, "अहो मिस्टर, वाडीत गाडी लावायची नाही!"

"लावत नाही," मिस्त्री खालून म्हणाले. "खोलतोय."

नाना खाली येईपर्यंत अर्धी गाडी सतरंजीवर होती. नानांनी कमरेवर हात ठेवले, मग खाली वाकून बघितलं, मग विचारलं, "हे काय असतं हो?" संपलं. मिस्त्री राहिले.

माझी आत्या तेव्हा मालवणहून आलेली होती. तिने वर बोलावलं आणि नाव विचारलं. मिस्त्रींनी जाधव सांगितलं. "जाधव? मगे आमच्यातलेच! बसा हयसर, पोहे खावा." जाधव मराठ्यांतही असतात, इतरांतही असतात, आत्याने आपल्या सोयीचे घेतले. मिस्त्रींनी बशी घेतली, मान खाली घातली आणि खाल्लं. रस्ते उघडेपर्यंत ते आमच्याकडे राहिले. आत्याशी गप्पा केल्या, तिच्या स्टोव्हची पिन बदलून दिली. जाताना ती म्हणाली, "परत येवा." ते म्हणाले, "बघू."

त्यानंतर ते माझ्या घरी कधीही आले नाहीत. सव्वा वर्षाने, मारवाडच्या वाटेवर, पालनपूरला गाडी उतरवून घेताना त्यांनीच विषय काढला.

"तुझी आत्या बरी आहे?"

"बरी आहे. विचारते तुमच्याबद्दल."

"कोणाबद्दल विचारते? तिच्या जाधवांबद्दल. तो मी नव्हे. परब, ते पोहे फार चांगले होते. पण बशी हातात घेतल्यापासून मी अडकलो. जेवताना अडकलो, झोपताना अडकलो. बाहेर पोलीस आणि आत आत्याबाई."

आदल्या दसऱ्याला ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. तिथून आल्यावर त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या होत्या, त्या त्यांनी मला पालनपूरच्या त्या फलाटावर सांगितल्या. एक, आपण कोण हे कोणी विचारलं तर खरं सांगायचं. आणि दुसरी, उघड्यावर झोपायचं नाही; त्यांच्या आजोबांपर्यंत सगळे गावाबाहेर झोपत आले होते, तेवढं पुरे.

"दोन्ही एकदम कसं जमणार?" मी विचारलं. मारवाडात लोक आधी जात विचारतात, मग तहान.

"तेच बघायचंय," मिस्त्री म्हणाले आणि किक मारली.

त्या उन्हाळ्यात 'मुंबई कोणाची' हा प्रश्न गुजरातेत चहाबरोबर यायचा. पालनपूरच्या चहावाल्याने आमची भाषा ऐकली आणि विचारलंच, "शेठ, मुंबई तमारी के अमारी?" मिस्त्री म्हणाले, "भाई, मुंबईत मला एक बाकडं टाकण्याएवढी जागा आहे. तेवढी माझी. बाकीची तुम्ही नि हे परब वाटून घ्या." चहावाला एवढा हसला की त्याने आग्रहाने दुसरा कप पाजला.

सिरोहीच्या बाजूला एका डाक बंगल्यावरची हकीकत सांगितलीच पाहिजे. डाक बंगल्यात उतरायला इंजिनिअरसाहेबांची चिठ्ठी लागते, ती आधी मागवावी लागते. चौकीदाराने हात पुढे केला, "चिठ्ठी?" मिस्त्री म्हणाले, "बघतो," आणि पायरीसमोर सतरंजी पसरली. टाकी उतरली, प्लग निघाला. चौकीदार घटकाभर चिठ्ठी चिठ्ठी करत राहिला, मग मिस्त्रींना पाना हातात द्यायला लागला. तेवढ्यात धुरळा उडवत खुद्द इंजिनिअरसाहेबांची जीप आली. चौकीदाराचा चेहरा पडला. साहेब उतरले, गाडीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. साहेबांना वाटलं आम्ही चौकीदाराचे कोणी. चौकीदाराला वाटलं, ज्या अर्थी साहेब आमच्याकडे बघून मान हलवतायत, त्या अर्थी आम्ही साहेबांचे कोणी. साहेबांनी त्याला विचारलं, "इनका खाना?" तो म्हणाला, "हो जाएगा, हुजूर." आम्ही व्हरांड्यात बाजांवर झोपलो, जेवलो, सकाळी दोघांनाही सलाम करून निघालो. कोणी कोण म्हणून विचारलंच नाही. मिस्त्री पुढचा सगळा रस्ता गुणगुणत होते. मी मात्र मागे बसून आजच्या संध्याकाळचा विचार करत होतो.

ती संध्याकाळ म्हणजे बालोतऱ्याच्या पुढची धर्मशाळा.

इमारत पिवळ्या रंगाची, खाली गेरूचा पट्टा. त्या बाजूच्या सगळ्या सरकारी बंगल्यांना असाच रंग असायचा. वर पाटी नव्हती. आकाश एका बाजूने तांबूस झालं होतं आणि मिस्त्री घाईत होते. "सरकारी आहे," ते म्हणाले आणि अंगणात शिरून गाडी खोलायला घेतली. एरवी ते आधी आजूबाजूला विचारून घ्यायचे. त्या दिवशी विचारलं नाही. कार्बोरेटर सुटा झाला तेव्हा आतून मुनीमजी आले. पांढऱ्या मिशा, डोक्याला फेटा, आवाज मऊ. ते म्हणाले, ही आमच्या शेठांच्या वडिलांनी बांधलेली धर्मशाळा. मी इथला मुनीम. (त्यांची मारवाडी आणि आमची मुंबईची हिंदी, इथे मराठीतच लिहितो.)

मिस्त्रींचे हात थांबले. सरकारी नव्हती. पण आता गाडी मांडून झाली होती, ओळीने, नेहमीसारखी. खोललेली गाडी कोणाला हाकलू देत नाही; खोलणाऱ्यालाही जाऊ देत नाही, हे तेव्हा कळलं.

आणि आँधी आली. वाळूची भिंत चालत यावी तशी. आम्ही सतरंजीची चार टोकं धरून सगळं आत ओढलं. सगळं आलं, फक्त कार्बोरेटरमधली पितळेची बोटभर सुई उडाली. तिच्याशिवाय पेट्रोलचं माप राहत नाही आणि गाडी चालत नाही. लष्करी गाडीची सुई. मुंबईच्या भंगारबाजारात मिळाली तर मिळाली. त्या गावात तर सायकलचा वॉल्व्हही मिळाला नसता. वाळूने रस्ता झाकला की तिकडची प्रवासी मोटरही बंद असते.

दार लावून मुनीमजींनी दिवा लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "आपण कोण?"

मी म्हटलं, "परब. मराठा."

"आणि हे?"

'हेही मराठा' म्हणायला माझी जीभ पुढे झाली होती. मिस्त्रींनी मला बोलू दिलं नाही. "बौद्ध," ते म्हणाले.

मुनीमजींनी हा शब्द कोणा जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेला नसावा. ते विचारात पडले. "म्हणजे भगवान बुद्धांचे? अहिंसावाले?"

"हो."

मुनीमजींनी हात जोडले. "मग तर आपण आम्हा जैनांच्या जवळचेच. दर्शन झालं." आणि शेठांच्या पाहुण्यांसाठी ठेवलेली आतली खोली उघडली. दोन पलंग, पांढऱ्या चादरी, कोनाड्यात पाण्याचा माठ. त्यांनी स्वतः लोट्याने पाणी ओतून दिलं. आतून बाजरीची भाकरी, सांगरीच्या शेंगांची भाजी, ताक आलं. मी पोटभर जेवलो. मिस्त्री भाकरी मोडत बसले.

"काय झालं?" मी विचारलं. "खरं सांगितलंत. जागा मिळाली. तुमच्या दोन्ही गोष्टी जमल्या."

"सांगितलं खरं," ते म्हणाले. "त्यांना कळलं मात्र काहीतरी दुसरंच."

दुसऱ्या दिवशीही वारा. मधूनमधून तो पडायचा, तेवढ्यात आम्ही अंगणात जायचो. मुनीमजींच्या बायकोकडून मिस्त्रींनी पिठाची चाळण मागून आणली. मी भिंतीवर खडूने रेघा मारून अंगणाचे पट्टे पाडले. मिस्त्री एकेक पट्टा चाळायचे, झाला की मी त्यावर खूण करायचो. वाळू नाकात, कानात, दातांत. वारा चढला की परत आत.

आणि आत मुनीमजी. म्हाताऱ्या माणसाला बोलायला कोणी नव्हतं. ते येऊन मिस्त्रींच्या पलंगावर बसायचे, बुद्धाच्या गोष्टी विचारायचे. मिस्त्रींना त्या पाठ होत्या आणि सांगायला आवडायच्याही. म्हातारा तल्लीन होऊन ऐकायचा. "अशी माणसं आमच्याकडे येत नाहीत," म्हणायचा. मिस्त्री गोष्ट अर्धी सोडून वारा बघायला दाराशी जायचे. मग तिसऱ्या दिवशी सकाळी मुनीमजी म्हणाले, बायको आजारी असते, संध्याकाळी तिला आपल्या पाया पडायला आणतो.

ते गेल्यावर मिस्त्री उठून खिडकीपाशी गेले. खिडकीतून काही दिसत नव्हतं, नुसता पिवळा धुरळा.

"परब, गिरगावात गप्प बसून अडकलो. इथे बोलून अडकलो."

"मिस्त्री, माझं ऐका. आँधी थांबू द्या. सुई सापडू द्या. गाडी जोडून चालू करा. मग वाटल्यास सांगा, आणि निघू."

"चालू गाडीवर बसून सांगायचं? पळता पळता?"

"मग काय खोललेल्या गाडीसमोर सांगणार? बाहेर काढलं तर या वाळूत जाणार कुठे?"

"तीच तर गंमत आहे. मला जायला जागा असती तर सांगण्यात काय मोठं होतं?"

असं म्हणून त्यांनी पिशवीतून फडकं काढलं आणि बूट पुसायला बसले. दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती, आणि हे बूट पुसतायत. मला एकदम भीती वाटली.

मुनीमजी पाण्याचा लोटा घेऊन आले. नेहमीसारखे पलंगावर बसायला लागले.

"थांबा," मिस्त्री उभे राहून म्हणाले. "आधी ऐका, मग बसायचं तर बसा. मी दसऱ्याला बौद्ध झालो. त्याआधी लोक मला महार म्हणायचे. तुमच्याकडे ज्यांना विहिरीला शिवू देत नाहीत, आमच्याकडे ते आम्ही. आता मी तो नाही. पण मला जे समजून तुम्ही पाणी देताय, तोही मी नाही. तुमच्या घरच्यांना माझ्या पाया पडायला आणू नका. माणसाने माणसाच्या पाया पडावं असं आमच्यात नाहीच."

मुनीमजी लोटा धरून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी सांगावं की ही चेष्टा आहे. मी खाली बघितलं. मग त्यांनी लोटा हळूच जमिनीवर ठेवला आणि निघून गेले. जाताना दार लावायला विसरले.

मी वळकट्या बांधायला घेतल्या.

"काय करतोस?"

"हाकलतील आता."

"हाकलू देत. आपण होऊन उठायचं नाही. या खोलीत मी आता बसलो खऱ्या अर्थाने. आतापर्यंत दुसराच कोणीतरी बसला होता."

कोणी हाकललं नाही. कोणी आलंही नाही. संध्याकाळी भाकऱ्या फडक्यात गुंडाळून उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या मिळाल्या, ताट नव्हतं. मुनीमजी अंगणापलीकडून ओरडून म्हणाले, "आँधी थांबेपर्यंत राहा."

मिस्त्री दारात आले. "आणि चाळण?"

पलीकडे कुजबुज झाली. "ठेवून घ्या," मुनीमजी म्हणाले.

मिस्त्रींचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता, नंतरही नाही. परत आत येऊन त्यांनी चाळण मांडीवर घेतली आणि तिच्या कडेवर बोट फिरवत बसले. म्हणाले, "बघ परब, त्यांचं पीठ अजून लागलंय हिला."

त्या खोलीचे ते पुढचे दिवस मला अजून नकोसे होतात. पलंग तेच, चादरी त्याच, दार सताड उघडं. पण मुनीमजी अंगण ओलांडेनात आणि आम्हाला गाव ओलांडता येईना. पलीकडे भांड्यांचा आवाज यायचा, खोकल्याचा यायचा. दोन्हीकडची माणसं एकमेकांची चाहूल घेत होती. मला ओरडावंसं वाटायचं. मिस्त्री वारा पडला की चाळण घेऊन अंगणात, चढला की पलंगावर. शिस्त सोडली नाही. एकदा मात्र मला म्हणाले, "चूक केली का रे?" आणि मी उत्तर द्यायच्या आत म्हणाले, "तू नको सांगू. तुला घरी जायचंय."

सुई सापडली ती मी 'झालं' म्हणून खूण केलेल्या पट्ट्यात, मोरीच्या कडेला. मिस्त्रींनी ती चिमटीत धरून मला दाखवली. "हा तुझा झालेला पट्टा." किती दिवसांनी हसले.

वारा पडला होता. गाडी जोडली, फुंकून फुंकून वाळू काढली. चौथ्या-पाचव्या किकला इंजिन बोललं. मिस्त्रींनी ते बंद केलं. मला वाटलं बिघडलं. नाही, ते खोलीत गेले, केर काढला, चादरींच्या घड्या केल्या. मग केस विंचरून अंगणाच्या मध्ये उभे राहिले. "मुनीमजी, निघतो."

मुनीमजी आले. पाच-सहा हात अंतरावर थांबले. रात्री झोपले नसावेत. त्यांनी गाडीकडे बघितलं. मग मुनीमजी म्हणाले, "सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं."

"म्हणून तर सांगितलं."

"पण का?"

"मला पुन्हा यायचंय," मिस्त्री म्हणाले. "इथली इंजिनं आमचीच आहेत."

मुनीमजींनी फेटा सारखा केला. आत बघितलं, परत आमच्याकडे बघितलं. "याल तेव्हा," ते म्हणाले, "आधी कळवा."

बस, एवढंच.

बालोतऱ्यापर्यंत मी मागून ओरडून बोलत होतो. "आधी कळवा म्हणजे? खोली तयार ठेवतो म्हणून, की तोवर नाही म्हणायची सोय करून ठेवतो म्हणून?"

"मला काय माहीत?"

"मग एवढे खुशीत का?"

मिस्त्रींनी गाडीचा वेग कमी केला. "आजवर कोणी आम्हाला आधी कळवून या म्हटलंय का? मी चोरासारखा सतरंजी पसरून जागा मिळवत आलो. आता मी कळवून जाणार. नाव, धर्म, परळचा पत्ता. मग त्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे. नाही म्हणायचं तर मला ओळखून नाही म्हणायचं."

मुंबईला परतल्यावर त्यांनी कामाच्या बाकड्यावरून चार वेळा मला विचारलं, पुढच्या उन्हाळ्यात कधी निघायचं. तारीख ठरल्याशिवाय कळवायचं कसं? पण पुढच्या उन्हाळ्याआधी कंपनीने जोधपूरला आपला एजंट नेमला. फिटर पाठवायची गरज उरली नाही. मोटरसायकल विकली. मिस्त्रींना गोडाऊनमध्ये खिडकीशेजारच्या बाकड्यावर बसवलं. तिथून बाहेर कापसाच्या गाठींच्या वखारींच्या भिंती दिसायच्या, दुसरं काही नाही. उन्हाळा लागला की ते मॅनेजरसाहेबांच्या टेबलाशी जाऊन उभे राहायचे.

"साहेब, यंदा मारवाड?"

"नाही जाधव. आता तिकडे आपला माणूस आहे."

"तो सोडून गेला तर?"

"तर बघू."

ते परत येऊन बसायचे. कानस उचलायचे. मी हाताखालची कामं सोडून त्यांच्याकडे बघत राहायचो. पाठ ताठ ठेवून बसलेला असा माणूस, ज्याला जगात कुठेही जागा मिळवता येते आणि जागेवरून उठता येत नाही.

एकदा मी म्हटलं, "रजा काढून आगगाडीने जाऊ."

"पाहुणा म्हणून?" ते म्हणाले. "पाहुण्याला कोणीही घेतं एखाद वेळ. मला कामाला जायचंय. काम असलेल्या माणसाने खोली मागायची." मग कानस चालवत म्हणाले, "पण जाऊ. तेही चालेल. आता तेही चालेल."

त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते महाराष्ट्र राज्य झालं त्या संध्याकाळी. परळच्या नाक्यावर दिव्यांच्या माळा, लेझीम, गुलाल. मी घरच्यांना रोषणाई दाखवायला नेलं होतं. गर्दीत मिस्त्री दिसले. धाकटी मुलगी खांद्यावर, बायको बाजूला, पांढरा सदरा गुलालाने लाल झालेला. दम्याने छाती भाता झाल्यासारखी वर-खाली होत होती. त्या उन्हाळ्यात दमा सुरू झाला होता. आवाजात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून ते माझ्या कानाशी आले.

"राज्य झालं, परब! आता आपली खोली तेवढी राहिली."

"कधी जायचं बोला."

"तू तारीख काढ. आधी कळवायचंय. नाव पूर्ण लिही, धर्म लिही, काही गाळू नको."

लेझीमवाले मध्ये घुसले. मुलीने त्यांचे केस धरले होते. ते तिला काहीतरी म्हणत, हसत, खोकत गर्दीबरोबर लालबागच्या दिशेने पुढे गेले. मी हात वर केला. त्यांनी मागे बघितलं नाही.

माझ्या कामांच्या यादीत अजून आहे: तारीख काढणे. मुनीमजींना कळवणे.